महाविद्यालयाचे कार्यालय कोण चालवते?

(एका शिक्षणसंस्थेच्या पदाधिकारी व कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शिक्षणावर बोलायला उभा राहिलेला वक्ता बहुधा तक्षशिला-नालंदेपासून निघतो आणि मूल्यशिक्षणाच्या मुक्कामी पोहोचतो. वाटेत महाविद्यालयाचे कार्यालय लागते, पण तेथे तो सहसा थांबत नाही. आजच्या संयोजकांनी मला मात्र नेमके तेथेच थांबायला सांगितले आहे. प्रशासनाचे नियोजन आणि कर्मचारी वर्गाची रचना असा रूक्ष विषय त्यांनी दिला, तेव्हा मी क्षणभर विचारात पडलो. मी कलाशाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार; व्यवस्थापनशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरता. पण बातमीदारीच्या निमित्ताने अनेक शिक्षणसंस्था उभ्या राहताना आणि काही खचतानाही पाहिल्या. खचणाऱ्या संस्थेची इमारत शेवटपर्यंत उभी असते. निकालही दोन-चार वर्षे बरे लागतात. पहिली खूण दिसते ती कार्यालयात. मुख्य लिपिक निवृत्त झालेला असतो, त्याची खुर्ची रिकामी असते आणि कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे कोणालाच ठाऊक नसते.

या विषयासाठी मी एक दूरचे उदाहरण विस्ताराने सांगणार आहे. ते अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराचे आहे. इतक्या दूर जाण्याचे कारण असे की ‘कम्युनिटी कॉलेज’ ही कल्पना आपल्याकडे तिकडूनच आली. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली असे पहिले सार्वजनिक महाविद्यालय निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने या नावाचा आणि कल्पनेचा पुरस्कार केला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, अल्प शुल्क, कोणालाही प्रवेश, हे त्याचे सूत्र. सुतारकाम शिकणारा तरुण, परिचारिका होऊ पाहणारी मुलगी, इंग्रजी शिकणारी स्थलांतरित प्रौढ गृहिणी आणि पुढे विद्यापीठात जाऊ इच्छिणारा गरीब घरचा हुशार विद्यार्थी, हे सारे एकाच छपराखाली.

आपल्याकडे पुदुच्चेरी विद्यापीठाने १९९५ साली हा प्रयोग केला. २००९ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने तो हाती घेतला आणि २०१३ साली, बाराव्या पंचवार्षिक योजनेत, विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांना कम्युनिटी कॉलेज चालवण्यासाठी अनुदान देणारी योजना आणली. पाठोपाठ व्यवसाय शिक्षणाची पदवी आली, पं. दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने कौशल केंद्रे आली. म्हणजे रोपटे आपण आणले. ते ज्या मातीत वाढले, तेथे त्याला कोणती कीड लागली, हे पाहणे मग आपल्यालाही भाग आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचे सिटी कॉलेज १९३५ साली स्थापन झाले. २०१२ च्या सुमारास तेथे जवळपास ९० हजार विद्यार्थी शिकत होते. शहरात नऊ केंद्रे, त्याशिवाय ठिकठिकाणी विखुरलेले वर्ग. चिनी वस्तीत एक केंद्र, स्पॅनिश भाषकांच्या मिशन भागात एक. त्या शहरात कोणाच्या तरी काकूने, शेजाऱ्याने, दुकानदाराने तेथे एखादा अभ्यासक्रम केलेला नाही असे घर सापडणे अवघड, इतके ते महाविद्यालय लोकांचे होते. शिक्षणाच्या दर्जाविषयी फारशी तक्रार नव्हती, आणि पुढे जे घडले त्यातही ती मुख्य तक्रार कधीच नव्हती. हे कृपया ध्यानात ठेवावे.

२००८ नंतरच्या मंदीत कॅलिफोर्निया राज्याने महाविद्यालयांच्या अनुदानाला कात्री लावली. अशा वेळी संस्थेपुढे दोनच मार्ग असतात. वर्ग बंद करावेत, माणसे कमी करावीत, हा एक. माणसे राखावीत आणि इतर सारे ओढून-ताणून चालवावे, हा दुसरा. सिटी कॉलेजने दुसरा मार्ग पत्करला. अध्यापक कमी केले नाहीत, वर्ग शक्य तितके चालू ठेवले. मनाने विचार केला तर हा निर्णय कोणालाही पटेल, मलाही पटतो. परंतु तूट कोठेतरी भरून काढावीच लागते. ती भरली गेली प्रशासनाच्या अंगातून. अधिष्ठाता निवृत्त झाला, जागा रिक्त ठेवली. वित्त विभागातील अनुभवी माणूस गेला, त्याचे काम दुसऱ्याच्या टेबलावर सरकवले. जी पदे भरली, त्यांतील पुष्कळशी ‘प्रभारी’ म्हणून. प्रभारी हा शब्द आपल्या कानांना किती ओळखीचा आहे!

जुलै २०१२ मध्ये तेथील मूल्यांकन आयोगाने सिटी कॉलेजला कठोर नोटीस दिली. मान्यता का काढून घेऊ नये, याचे कारण दाखवा. आयोगाचे आक्षेप वाचण्यासारखे आहेत. पुरेसे आणि पात्र प्रशासक नाहीत. खर्चाचा फार मोठा भाग, सुमारे ९२ टक्के, वेतन आणि कर्मचाऱ्यांच्या लाभांवर जातो. अडीअडचणीसाठी राखीव निधी नगण्य. नियोजनाची कागदपत्रे आहेत, पण अंदाजपत्रक त्यांच्याशी जुळत नाही. आणि सर्वांत बोचरे म्हणजे, २००६ च्या तपासणीत दिलेल्या सूचनांपैकी अनेक सूचना सहा वर्षे तशाच पडून. मित्रहो, या यादीत वर्गातल्या शिकवण्याविषयी जवळजवळ काहीच नाही.

यातील एक बाब मला विशेष उद्बोधक वाटली. प्रशासक कमी झाले, तसा कारभाराचा भार विभागप्रमुखांवर आला. हे विभागप्रमुख अध्यापकांतून निवडलेले, अध्यापनाच्या तासांत सूट घेऊन काम पाहणारे. त्यांची संख्या साठच्या घरात, आणि त्यांची स्वतंत्र कामगार संघटना! म्हणजे जो माणूस वेळापत्रक ठरवतो, अर्धवेळ अध्यापक नेमतो, वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा याचा निर्णय घेतो, तोच त्या विभागाचा प्रतिनिधी म्हणून व्यवस्थापनासमोर वाटाघाटीलाही बसतो. प्रत्येक विभागाचे हित पाहणारा कोणीतरी होता. संपूर्ण महाविद्यालयाचे हित एकत्र पाहणारी खुर्ची मात्र रिकामी किंवा प्रभारी होती.

यावरून आयोग बरोबर आणि महाविद्यालय चूक असा निष्कर्ष घाईने काढू नये. जुलै २०१३ मध्ये आयोगाने जाहीर केले की ३१ जुलै २०१४ पासून मान्यता रद्द होईल. मान्यता गेली की राज्याचे अनुदान आणि विद्यार्थ्यांना मिळणारे केंद्रीय साहाय्य दोन्ही थांबते, म्हणजे महाविद्यालय बंद. निवडून आलेल्या विश्वस्त मंडळाचे अधिकार काढून एका विशेष विश्वस्ताकडे सोपवले गेले. शहर खवळले. त्याआधीच, नोव्हेंबर २०१२ मध्ये, शहराच्या मतदारांनी महाविद्यालयासाठी प्रत्येक भूखंडामागे वर्षाला ७९ डॉलरचा कर आपण होऊन स्वीकारला होता. ऑगस्ट २०१३ मध्ये शहराच्या विधी अधिकाऱ्याने आयोगाविरुद्ध खटला भरला. त्याच महिन्यात केंद्रीय शिक्षण विभागानेही आयोगाच्या कार्यपद्धतीवर ठपका ठेवला. तपासणी पथकात पुरेसे अध्यापक नव्हते, आणि आयोगाच्या अध्यक्ष असलेल्या बाईंचे पतीच एका पथकात सदस्य होते. जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने मान्यता रद्द करण्यास स्थगिती दिली आणि २०१५ मध्ये आयोगाने कायद्याचे उल्लंघन केल्याचा निर्णय दिला. अखेर जानेवारी २०१७ मध्ये महाविद्यालयाला सात वर्षांसाठी पूर्ण मान्यता मिळाली.

खटला जिंकला, मान्यता राहिली. पण त्या पाच वर्षांत सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी निघून गेले. ज्या महाविद्यालयाचे उद्या काय होणार हे ठाऊक नाही, तेथे आईबाप मुलाला कशाला घालतील? विद्यार्थी घटले की अनुदान घटते. राज्याने खास कायदा करून काही वर्षे अनुदान स्थिर ठेवले, २०१७ पासून शहरातील रहिवाशांना शिक्षण शुल्क माफ झाले, तरी जुनी संख्या परत आली नाही. आणि मे २०२२ मध्ये, ज्या महाविद्यालयाने मंदीत एकाही पूर्णवेळ अध्यापकाला हात लावायचा नाही म्हणून कार्यालय रिकामे केले होते, त्याच महाविद्यालयाच्या विश्वस्तांनी ३८ पूर्णवेळ अध्यापकांना कमी करण्याचा ठराव केला. ज्यांना वाचवण्यासाठी प्रशासन उपाशी ठेवले, तेच शेवटी वाचले नाहीत.

थोडे कॅलिफोर्नियाच्या कायद्याविषयी सांगतो, कारण नियम चांगल्या हेतूने केलेला असला तरी आकृतिबंध कसा वाकवतो याचा तो नमुना आहे. तेथे असा कायदा आहे की महाविद्यालयाच्या चालू शैक्षणिक खर्चाचा निदान अर्धा भाग वर्गात शिकवणाऱ्यांच्या वेतनावर खर्च झाला पाहिजे. हेतू स्तुत्य आहे; पैसा साहेबांच्या केबिनवर उधळला जाऊ नये. पण या गणितात ग्रंथपाल आणि विद्यार्थी-समुपदेशक यांचे वेतन ‘शिकवण्या’च्या बाजूला धरले जात नाही. पहिल्या पिढीतला, नोकरी करून शिकणारा विद्यार्थी ज्याच्या आधारावर टिकतो, तो समुपदेशक कायद्याच्या दृष्टीने साहेबांच्याच रांगेत! दुसरे एक उद्दिष्ट १९८८ च्या सुधारणा कायद्याने ठरवले, ते असे की ७५ टक्के अध्यापन पूर्णवेळ अध्यापकांनी करावे. ते राज्यभर कधीच साध्य झाले नाही. अर्धवेळ अध्यापकाला एका ठिकाणी पूर्ण कार्यभाराच्या ६७ टक्क्यांपेक्षा अधिक काम देता येत नाही, म्हणून तो दोन-तीन महाविद्यालयांत शिकवतो. त्याचा दिवस वर्गापेक्षा महामार्गावर अधिक जातो. विद्यार्थ्याने शंका विचारायची तर गाडीतळावर गाठून.

हे ऐकताना आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर तासिका तत्त्वावरील प्राध्यापक उभा राहिला असेल. नेट किंवा सेट उत्तीर्ण, काहींकडे पीएच.डी., वय पस्तिशी ओलांडलेले. सकाळी एका तालुक्याला, दुपारी एस.टी.ने दुसऱ्या. त्याला परीक्षेचे काम असते, मूल्यांकन समितीच्या कागदपत्रांचे काम असते, प्रवेशाच्या दिवसांत खिडकीवरही बसवले जाते. मानधन मात्र घेतलेल्या तासांचे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये साहाय्यक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरण्यास मान्यता दिली. त्यातील १,४९२ भरली गेली आणि उरलेल्या २,०८८ पदांसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा शासननिर्णय काढावा लागला. एका पदाचा प्रवास किती लांबचा, हे येथील आस्थापना विभाग सांभाळणाऱ्यांना मी सांगण्याची आवश्यकता नाही. कार्यभार तपासणी, बिंदुनामावलीची पडताळणी, सहसंचालक कार्यालयाचे ना हरकत, जाहिरात, निवड समिती, विद्यापीठाची मान्यता, मग वेतनाची मान्यता. यातील एक कागद अडला की वर्ष गेले.

शासनाच्या धोरणावर टीका करणे आम्हा पत्रकारांना सोपे जाते, आणि ती करायलाही हवी. पण आज समोर संस्थाचालक आहेत, म्हणून जरा घरातले बोलतो. आपल्या संस्था ध्येयवादातून उभ्या राहिल्या. कोणी जागा दिली, कोणी आयुष्य दिले, कोणी दहा वर्षे विनावेतन शिकवले. त्या इतिहासाचा अभिमान योग्यच आहे. परंतु त्या अभिमानातून एक सवय जडली. काम पडले की ‘कोणीतरी करील’. निवृत्त शिक्षक येऊन हिशेब लिहितील, माजी विद्यार्थी संगणक सांभाळील, तासिकेवरचा तरुण प्राध्यापक ‘संस्थेचे काम’ म्हणून रविवारी येईल. स्वतःहून दिली ती सेवा. ज्याची नोकरी पुढल्या जूनमध्ये राहील की नाही हे आपल्या हातात आहे, त्याच्याकडून मागून घेतलेल्या रविवारला सेवा म्हणणे मला तरी जड जाते. त्याच्या घरीही आईवडील आहेत, मुलाच्या शाळेचे शुल्क आहे. या सभागृहात अशी कुटुंबेही बसलेली असतील.

कार्यालयाचे तसेच. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची पदे वर्षानुवर्षे रिक्त आणि काम मात्र वाढते. महाविद्यालयांची माहिती दरवर्षी केंद्राच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणात भरायची. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर तपासून पुढे पाठवायचे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार श्रेयांकांची नोंद, विद्यार्थ्यांची श्रेयांक बँकेतील खाती, विषयांच्या निवडीचे नवे गुंते. पूर्वी कनिष्ठ लिपिकाला नोंदवही नीट लिहिता आली की पुरे होई. आज तोच लिपिक रात्री अकराला, संकेतस्थळ मोकळे असते म्हणून, घरून अर्ज पुढे पाठवतो. एका तालुक्याच्या गावी मी असा लिपिक पाहिला आहे. त्याच्या एका चुकीच्या खुणेने भटक्या जमातीतील मुलाची वर्षाची शिष्यवृत्ती अडते. त्या मुलाच्या दृष्टीने महाविद्यालय म्हणजे तो लिपिकच. प्राचार्यांचे नावही त्याला बहुधा ठाऊक नसते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कम्युनिटी कॉलेज योजनेचेही दुखणे येथेच आहे. योजनेत यंत्रसामग्रीला पैसा होता, अभ्यासक्रम उद्योगांच्या सल्ल्याने ठरवायचे होते, कल्पना उत्तम होती. पण कायम पदे नव्हती. माणसे योजनेपुरती, कंत्राटी. दोन वर्षे एखाद्या तरुणाने स्थानिक कारखानदारांच्या दारात जाऊन ओळखी जोडायच्या, प्रशिक्षणार्थींच्या जागा मिळवायच्या, आणि अनुदानाचा पुढचा हप्ता लांबला की त्याने दुसरी नोकरी धरायची. त्याच्याबरोबर त्या ओळखीही जातात. यंत्र खोलीत राहते, त्यावर आच्छादन चढते.

यावर उपाय काय, असे विचाराल. मोठा उपाय शासनाच्या हाती आहे आणि तो व्हायलाच हवा. आपल्या हाती जे आहे, त्याची तरतूद कायद्यातच आहे, पण फार थोड्यांनी ती मनावर घेतली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९७ ने महाविद्यालय विकास समिती आणली. पूर्वीच्या १९९४ च्या अधिनियमात स्थानिक व्यवस्थापन समिती होती. नव्या समितीत व्यवस्थापन, निवडून आलेले अध्यापक, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी, स्थानिक क्षेत्रातील व्यक्ती आणि प्राचार्य एकत्र बसतात. महाविद्यालयाचा शैक्षणिक आणि प्रशासकीय विकासाचा सर्वंकष आराखडा करणे, आणि अध्यापक व प्रशासकीय पदांची निर्मिती सुचवणे, हे तिचे कर्तव्य आहे. किती ठिकाणी या समितीच्या बैठकीत चहानंतर स्नेहसंमेलनाच्या तारखेवरच चर्चा होते, हे मी सांगत नाही. आपण हसलात, त्यावरून उत्तर कळले.

नियोजन म्हणजे जाड चकचकीत पुस्तिका, असा समज मूल्यांकनाच्या पद्धतीने पसरवला. बंगळुरूच्या राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेची स्थापना १९९४ ची. तिच्यामुळे कागदपत्रांना शिस्त लागली, हे खरे. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने एका तपासणी समितीच्या सदस्यांना लाचेच्या आरोपावरून अटक केली, तेव्हा परीक्षकाची परीक्षा कोण घेणार हा सॅन फ्रान्सिस्कोतला प्रश्न आपल्याही दारात उभा राहिला. श्रेणी मिळाली म्हणजे कारभार सुधारला, असे कोणी मानू नये. सिटी कॉलेजकडेही आराखडे होते. त्या आराखड्यांतून पैशाला वाट फुटत नव्हती, एवढेच.

पुस्तिकेऐवजी एक साधा तक्ता करता येईल. डावीकडे कार्यालयातील, ग्रंथालयातील, प्रयोगशाळेतील प्रत्येकाचे नाव, शेजारी निवृत्तीची तारीख. तारखा सेवापुस्तकात आहेतच. त्या कधी अचानक येत नाहीत. त्याच्या शेजारी हे काम आज दुसऱ्या कोणाला येते, त्याचे नाव. हा रकाना जेथे कोरा राहील तेथे संस्थेला भोक पडले आहे. आणि चौथ्या रकान्यात वेतन कोठून येते ते, म्हणजे अनुदान, संस्थेचा निधी, की मुदत संपणारी एखादी योजना. निवृत्तीच्या सहा महिने आधी नवा माणूस जुन्याच्या शेजारी बसवण्याचा खर्च संस्थेने स्वतःच्या निधीतून करावा. तो फार मोठा नसतो. एका सभागृहाच्या वातानुकूलनापेक्षा कमीच. प्रभारी कार्यभार द्यावा लागला तर त्याची मुदत ठरावात लिहावी. आणि तासिकेवरील प्राध्यापकांकडून अध्यापनाबाहेरचे काम घ्यायचे असेल, तर त्याचे वेगळे मानधन आधी ठरवावे. ते परवडत नसेल, तर काम मागू नये.

प्रवेशाचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो. त्यापूर्वी विकास समितीची एक बैठक होईल. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी त्या बैठकीत शेवटच्या खुर्चीवर बसतो आणि बहुधा काही बोलत नाही. त्याला आठ दिवस आधी हा तक्ता करायला सांगा, आणि बैठकीत पहिला विषय म्हणून तो त्यालाच वाचू द्या.